सत्तावीस ट्रॉली मुरूम

आमच्या रावेरच्या बेसबॉल संघाची मॅच सुरू असली की आबा तिसऱ्या बेसच्या मागे केळीचा रिकामा क्रेट उलटा टाकून बसत आणि पूर्ण मॅच जमिनीकडे बघत. चेंडू हवेत उडाला की सगळ्यांच्या माना वर जात. आबांची जागची हलत नसे. चेंडू खाली पडला की मग ते बघत, कुठे पडला आणि पडून कुठे गेला.

एकदा मी विचारलं, "आबा, वर काय चाललंय ते बघायचं नाही का?"

"वर गेला तो खालीच येतो ना माय. मी आधीपासून खालीच पाहू राह्यलो."

मी या संघाची चिटणीस. एका केळी पॅकिंगच्या ऑफिसात पंचवीस वर्षं ट्रक, मजूर आणि पेट्यांची व्यवस्था बघते. बेसबॉल मला तेव्हा कळत नव्हता, आता गरजेपुरता कळतो. मला चिटणीस केलं त्याचं कारण असं की संघाकडे चेंडू किती, ग्लोव्ह किती आणि कोणाच्या घरी काय पडलंय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि अशी अवस्था मला सहन होत नाही. पहिल्या आठवड्यात मी यादी केली. चेंडू अकरा. त्यांपैकी एक कुत्र्याकडे.

आपल्याकडे शाळांमधून सॉफ्टबॉल, बेसबॉल खेळतात. शाळा संपते, नोकऱ्या लागतात, पण काहींचा हात स्वस्थ बसत नाही. अशा मोठ्या माणसांसाठी चार गावांनी मिळून एक लीग सुरू केली होती: रावेर, चाळीसगाव, साक्री आणि धुळे. प्रत्येक संघाला लीगकडून वर्षाला एक लाख रुपये मिळत. त्यात खेळाडूंचं मानधन आणि बाकी सगळं बसवायचं. पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ मिळत, आणि त्यातलं जे आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कागदावर कशाला लावलं नाही ते लीगकडे परत. आम्ही पहिली तिन्ही वर्षं शेवटचे आलो. तिसऱ्या वर्षी लीगने नियम केला की पुढच्या वेळी जो शेवटचा येईल त्याची जागा दुसऱ्या तालुक्याला देऊ. त्या नियमात आमचं नाव नव्हतं, पण वाचताना सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

मैदान आबांचं. मैदान म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "वावर हाये ते," असं ते प्रत्येकाला सांगत, पाहुण्या संघालासुद्धा, अंपायरलासुद्धा. केळी काढल्यावर जमिनीला विसावा म्हणून त्यांनी ते वावर रिकामं ठेवलं होतं आणि तेवढ्यात ही मंडळी बॅट घेऊन आली. आबांनी खेळ कधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, किती जागा लागते? कोणीतरी सांगितलं, चौकोन लागतो, एका बेसपासून दुसरा नव्वद फूट. आबांनी मनातल्या मनात भागाकार केला. त्यांची केळी पाच-पाच फुटांवर असे. "म्हंजे अठरा झाडं," ते म्हणाले, आणि स्वतः चालत जाऊन चार खुंट्या ठोकल्या. नंतर एकदा पंचांनी टेपने मोजलं. चारही बाजू बरोबर निघाल्या.

दर मे महिन्यात ते जाहीर करत, "औंदा केयी लावतो. तुमचं काय ते तुम्ही पाहा." आम्ही बघायला लागायचो. जून यायचा, रोपं यायची, आणि ती शेजारच्या वावरात लागायची. आबा आमच्याकडे यायचे आणि म्हणायचे, "या वावराले अजून विसावा पाह्यजे." तीन वर्षं विसावा घेतलेलं वावर रावेर तालुक्यात दुसरं नसेल. शेजारचे लोक आबांना विचारत, आजारी आहे का जमीन?

त्यांच्या सवयी मी लिहून ठेवल्या होत्या, कारण नवीन खेळाडूला त्या सांगाव्या लागत. टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या वाजल्या की खेळणारा ताठ उभा राहतो आणि पुढचा चेंडू सोडतो. बॅट जमिनीवर आपटायची नाही. पाणी प्यायल्यावर उरलेलं फेकायचं नाही, कडेच्या झाडाला घालायचं. कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मुखवट्याचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीची दोरी वळून बांधली आणि ती नव्या पट्ट्यापेक्षा जास्त टिकली. जॅकेट मेमध्येही अंगात. कोणी "आबा, उकडत नाही का" म्हटलं तर म्हणत, "उकडते ना." पुढे काही नाही.

आणि कागद. आबा कागद करत नसत. पन्नास वर्षं त्यांनी केळी शब्दावर विकली. व्यापारी बांधावर यायचा, भाव बोलायचा, आबा मान हलवायचे, दुसऱ्या दिवशी कटाई. त्यांचं अक्षर सुंदर होतं, मी एकदा लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर पाहिलं होतं. पण सही मागितली की ते समोरच्याकडे असं बघत, जणू त्याने त्यांचा डबा उघडून बघितलाय.

आमच्या संघात एकच मोठं नाव होतं आणि त्याला सगळे मोठाच म्हणत. केळीच्या ट्रकवर चढवायचं काम करून त्याचे खांदे तयार झाले होते. त्याने मारलेला चेंडू शोधायला माणूस पाठवावा लागे. लाखातले चाळीस हजार एकट्या मोठ्याचे. बाकी तेरा जणांत उरलेलं.

तिसऱ्या वर्षीचा हंगाम संपला आणि आबा चाळीसगावला एका लग्नाला गेले. संध्याकाळी मला फोन आला.

"माय, मोठ्याले देऊन टाकलं."

"कोणाला?"

"चाळीसगावले. त्यांचा कॅचर आणला."

"आबा, कॅचर केवढ्याचा?"

"बारा हजाराचा. चांगला बसतो."

मी फोन ठेवला आणि लिहिलं: चाळीस गेले, बारा आले, अठ्ठावीस मोकळे. मग पुन्हा एकदा वाचलं, कारण आधी वाटलं माझंच ऐकण्यात काही चुकलं असेल. नंतर कळलं ते असं: लग्नाच्या पंगतीला वेळ होता म्हणून आबा तिथल्या सरावाला जाऊन बसले, तासभर त्या कॅचरच्या पायांकडे बघत राहिले आणि मग तिथल्या कॅप्टनला म्हणाले, आमचा मोठा घ्या, हा द्या. तिथल्या कॅप्टनने दोनदा विचारून घेतलं आणि मग विचार बदलायच्या आत हो म्हटलं. मोठ्याला वाईट वाटलं नाही. तिकडे त्याला पन्नास मिळणार होते.

कॅचर आला. पस्तिशीचा, शांत, चाळीसगावला स्टेशनजवळ सायकलचं दुकान. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. मी विचारलं तर म्हणाला, "अक्का, बसता येस. उठाना वांधा शे."

आमचा कॅप्टन ट्रॅक्टर मेकॅनिक, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "वा! धडधाकट माणूस दिला अन् गुडघा घेतला."

पण अठ्ठावीस हजार मोकळे होते, आणि तेवढ्यात काहीतरी दुरुस्त होईल अशी आशा सगळ्यांना होती. आखाजीला बारा दिवस राहिले तेव्हा पॅकिंगच्या शेडमध्ये मीटिंग बोलावली. चौदा खेळाडू, आबा आणि मी. मी यादी करून नेली होती. पहिल्या क्रमांकावर धुळ्याचा एक बॅटर. तो पंचवीस हजार आणि मॅचच्या दिवशी जेवण मागत होता. मग नवे गणवेश, साक्रीला जायला जीप, कॅचरच्या गुडघ्याचा पट्टा. मी म्हटलं, हात वर करा. धुळ्याच्या बॅटरला तेरा हात आले. कॅचरने हात वर केला नाही, कारण त्याला आपण नवीन आहोत असं वाटत होतं.

आबा क्रेटवर बसले होते. ते म्हणाले, "माय, तुह्या वहीत एक रकाना कर. काय दुखते."

"कोणाचं?"

"समद्यांचं. एकेकाले इचार."

मला वाटलं मीटिंग भरकटली. पण आबांचं वावर, तेव्हा मी विचारलं. कॅप्टन म्हणाला, दात. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो, तिथे घरंगळत येणारा चेंडू अचानक उसळून तोंडावर बसला होता. दुसरा म्हणाला बरगडी. तिसरा डोळ्याखाली, दोन टाके. पुढचा अंगठा. कॅचर म्हणाला, "गुडघा. पन तो जुना शे." चौदांपैकी नऊ जणांना चेंडू लागला होता, आणि नऊही जणांना तो जमिनीवरून उसळून लागला होता. मी बेरीज दोनदा केली.

ज्यांनी ती जमीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी माती. पावसात चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्याकडे जसजशी सुकते तशा तिला भेगा पडतात. भेगेच्या काठावर चेंडू आदळला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. एकदा साक्रीविरुद्ध तर चेंडू सरळ भेगेतच अडकला. आमचा माणूस बोटांनी उकरत होता आणि त्यांचा माणूस चारही बेस धावून आला. धावून झाल्यावर तोच मदतीला आला.

आबा म्हणाले, "म्हंजे चेंडू आपल्यालेच मारतो. मंग अजून एक मारणारा कायले आणायचा?"

कॅप्टनने जिभेने तुटका दात चाचपला.

"मुरूम टाका चौकोनात."

आता हे वाक्य शहरातल्या माणसाला साधं वाटेल. त्या शेडमध्ये ज्याच्या घरी शेती नाही असा फक्त कॅचर होता, आणि त्यानेही मान वर केली. केळीच्या काळ्या जमिनीत मुरूम टाकत नाहीत. मुरूम रस्त्याला टाकतात, घराच्या पायाला टाकतात. एकदा दाबून बसवला की ती जमीन केळीतून गेली.

कॅप्टन उभा राहिला. धुळ्याच्या बॅटरसाठी सगळ्यात आधी त्याचाच हात वर गेला होता. "आबा, लोक वावरात शेणखत टाकता. मुरूम नही टाकत."

"मले माहीत हाये."

मी तोपर्यंत हिशेब केला होता. "आबा, अठरा गुणिले अठरा, तीनशे चोवीस झाडांची जागा जाते."

"तीनशे एकसष्ट," आबा म्हणाले. "टोकाची झाडं सोडली तू."

बरोबर होतं. अठरा अंतरं म्हणजे एकोणीस झाडं. मी खोडून दुरुस्त केलं.

मुरमाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ होता. हजार रुपये ट्रॉली. चार इंचाचा थर धरला तर सत्तावीस ट्रॉली, आणि उरलेल्या हजारात तो दाबायला रूळ. अठ्ठावीस हजार, एकही रुपया इकडेतिकडे नाही. आबांनी हे आधीच मोजून ठेवलं होतं की तिथे बसल्याबसल्या, मला आजही माहीत नाही.

पुन्हा हात वर करायला सांगितले. पहिला हात कॅप्टनने वर केला, दुसऱ्या हाताने तोंड झाकून. हळूहळू बाकीचेही आले.

मग मला जे बोलायचं होतं ते बोलावं लागलं. लीगचा नियम होता की संघाचा पैसा खासगी जमिनीवर खर्च करता येत नाही. करायचा तर मालकाने जमीन संघाला वापरायला दिल्याचा कागद हवा, त्यावर मुदत हवी. तो फॉर्म माझ्याकडे होता. मी तो आबांसमोर ठेवला.

आबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माह्या शब्दाले कागद लागतो?"

"मला नाही लागत आबा. लीगला लागतो."

"मी जमीन देऊ राह्यलो, अन् तू मले कागद मागू राह्यली."

ते उठले, क्रेट पायाने बाजूला सारला आणि गेले. फॉर्म तिथेच राहिला. कॅप्टन म्हणाला, "ताई, तुम्ही थोडं गोड बोलायचं." मी म्हटलं, नियम गोड बोलून बदलत नाही.

दहा दिवस आबा सरावाला आले नाहीत. क्रेट होता तिथेच होता, त्यावर कोणी बसलं नाही. मी दोनदा त्यांच्या घरावरून गेले, दोन्ही वेळा ते ओट्यावर होते आणि दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "कटाई कुठी हाये आज?" मी सांगितलं. कागदाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी दुसरी व्यवस्था करून ठेवली. धुळ्याच्या बॅटरला फोन केला, तो तयार होता, त्याचं नाव मी करारात पेन्सिलने लिहून ठेवलं. पैसे परत जाण्यापेक्षा बॅटर बरा, असा माझा विचार होता. आजही तो विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेडवरच होते. सणाच्या आधी तीन ट्रक भरून काढायचे होते, मजुरांना घरी जायची घाई होती. आबा आले. जॅकेटच्या खिशातून खताच्या दुकानाची पावती काढली आणि माझ्या टेबलावर पालथी ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सुंदर अक्षरात तीन ओळी होत्या. माझा फॉर्म त्यांनी वापरला नव्हता.

पहिल्या ओळीत गट नंबर आणि चौकोनाची मापं, फुटांत, झाडांत नाही. दुसऱ्या ओळीत: हे मैदान संघाला वापरायला दिले आहे. तिसऱ्या ओळीत: मुदत, चेंडू सरळ येईल तोवर. खाली सही.

मैदान हा शब्द मी दोनदा वाचला. मुदत तीनदा वाचली.

"आबा, मुदतीला तारीख लागते."

"तारखेले काय समजते त्यातलं?"

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी पावती फाइलला लावली आणि करारातलं पेन्सिलचं नाव खोडलं. लीगच्या अध्यक्षांनी तो कागद वाचून मला फोन केला आणि विचारलं, हे असं चालेल का? मी म्हटलं, साहेब, माणसाने आयुष्यात एकच कागद केलाय, तो परत करायला तुम्ही स्वतः या. ते आले नाहीत.

सत्तावीस ट्रॉली आखाजीच्या दुसऱ्या दिवशीपासून पडल्या. आबा प्रत्येक ट्रॉलीला उभे होते. मोठा दगड दिसला की वाकून उचलायचे. ठिबकच्या जुन्या नळ्या चार बाजूंनी ताणून त्यांनी पातळी लावली, केळी लावताना ओळ धरतात तशी. मग कॅचरला बोलावलं आणि दहा ठिकाणी उकिडवा बसायला लावलं. कॅचर बसला, कण्हत उठला, पुन्हा बसला. दहाव्या ठिकाणी म्हणाला, "आबा, आठे बठ्ठं सपाट शे. पन मना गुडघा तोच शे."

"गुडघ्याचं मी काय नही म्हटलं," आबा म्हणाले.

पावसाळ्यात मुरूम बसला. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. मोठा गेल्यामुळे आमचे रन कमी झाले, पण समोरच्यांचेही कमी झाले. दोन मॅच जिंकलो, तीन हरलो. सगळं शेवटच्या मॅचवर आलं. रावेर विरुद्ध चाळीसगाव, आबांच्या चौकोनावर. जिंकलो तर तिसरे, हरलो तर शेवटचे आणि लीगमधून बाहेर.

शेवटचा डाव. आम्ही एका रनने पुढे. त्यांचे दोन गडी बाद, एक माणूस तिसऱ्या बेसवर, आबांच्या क्रेटपासून पाच पावलांवर. आणि बॅटिंगला मोठा.

मोठ्याने मारला. हवेत नाही, खाली, जोरात, कॅप्टनच्या दिशेने. तीन वर्षं असा चेंडू आला की कॅप्टन ग्लोव्ह पुढे करून तोंड बाजूला फिरवायचा. मी त्याला दोष देत नाही, दात त्याचा होता. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. चेंडू मुरमावर एकदा टेकला, दुसऱ्यांदा टेकला आणि जिथे यायला हवा तिथे आला. कॅप्टनने पकडला, पहिल्या बेसला फेकला. मोठा दोन पावलांनी बाद. तिसरा गडी गेला, मॅच आमची.

टाळ्या वाजवायच्या नाहीत हे सगळे विसरले. आबांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

मोठा परतताना आबांजवळ थांबला. "आबा, जुन्या वावरात हा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला असता."

"गेला असता."

"मंग?"

"तुह्याच पैशाचा मुरूम हाये रे तो."

मोठ्याने खाली बघितलं. बुटाच्या टाचेने थोडं दाबून पाहिलं. मग म्हणाला, "चांगला बसला," आणि त्याच्या संघाकडे गेला.

आबा गेले त्यानंतर चार आखाज्या झाल्या. त्यांचा मुलगा जळगावला असतो, शेती तोच बघतो आणि व्यवस्थित बघतो. पहिल्या वर्षी तो माझ्याकडे आला. चौकोनाभोवती त्याने केळी लावली होती. तो म्हणाला, मुरूम उकरून काढून तळ्यातला गाळ भरला तर चार-पाच वर्षांत जागा पुन्हा केळीत येईल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी फाइल काढून त्याला पावती दाखवली. त्याने ती उलटसुलट वाचली. वडिलांची सही त्यानेही फारशी पाहिली नसावी.

"ताई, ही मुदत कशी मोजायची?"

मी कपाटातून चेंडू काढून दिला. तो एकटाच चौकोनावर गेला. अर्ध्या तासाने परत आला, चेंडू टेबलावर ठेवला, "येतो आहे अजून," म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून तो दर आखाजीच्या आदल्या दिवशी येतो आणि चेंडू मागतो. त्याच्या आधीच्या आठ दिवसांसाठी माझी एक वेगळी यादी असते. रोज संध्याकाळी पाणी. सकाळी रूळ, कॅप्टनने आणायचा. चिरा पडल्या असतील तिथे चाळलेला मुरूम, कॅचर चाळीसगावहून येऊन भरतो. बसायचं काम आहे म्हणून त्याला दिलंय, उठवायला दोघे असतात. या वर्षी एका संध्याकाळी मोठाही आला. तो अजून चाळीसगावकडूनच खेळतो. त्याने काही न विचारता रूळ ओढला.

परवा आबांचा मुलगा आला. या वेळी मीही बरोबर गेले. त्याने पंधरा-वीस ठिकाणी चेंडू टाकून पाहिला, शेवटी कॅप्टनच्या जागेवर. मग वाकून मुरमावर हात ठेवला. ओला होता.

"ताई, पाणी कालच मारलंय."

"हो."

त्याने आणखी एकदा चेंडू घरंगळत सोडला. तो सरळ माझ्याकडे आला. मी उचलला आणि पिशवीत ठेवला.

"बरं," तो म्हणाला, "मग पुढच्या आखाजीला."

मी वहीत खूण केली.